चारा कीं कडधान्य? शुद्ध वनस्पत्याहाराचा शेतकऱ्याच्या दृष्टीनें विचार

आपल्या समाजांत आहाराचा प्रश्न निघाला म्हणजे त्याचा विचार बहुधा धर्माच्या, रूढीच्या किंवा प्रकृतिमानाच्या अंगानें होतो. जो मनुष्य अन्न पिकवितो त्याची जमीन, त्याच्या विहिरीचें पाणी आणि त्याची जमाखर्चाची वही यांच्या अंगानें तो क्वचितच होतो. वास्तविक ताटांत काय वाढलें जातें यावरच शिवारांत काय पेरलें जावें हें ठरतें. म्हणून मांस, अंडीं, दूध व दुधाचे पदार्थ यांपैकीं कांहींच न घेतां केवळ धान्य, कडधान्य, गळित, भाजीपाला व फळें यांवर राहणारा जो आहार, त्याचा विचार शेतकऱ्याच्या दृष्टीनें करावा असें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारांत दुभतीं जनावरें आहेत हें आम्ही विसरलेलों नाहीं. किंबहुना त्यांच्यासाठींच हा लेख आहे.

१. हा विचार नवा आहे काय?

मांस वर्ज्य करणारे लोक आपल्याकडे पुरातन काळापासून आहेत. परंतु दूधही वर्ज्य करावें, असा विचार संघटित रूपानें प्रथम इंग्लंडांत १९४४ सालच्या नोव्हेंबरांत पुढें आला. तेथील शाकाहारी मंडळींतून कांहीं गृहस्थ वेगळे झाले व त्यांनीं या आहारास 'व्हीगन' असें नवें नांव दिलें. आपण त्यास शुद्ध वनस्पत्याहार म्हणूं.

तथापि त्यापूर्वीं तीस वर्षें हा प्रयोग एका हिंदी मनुष्यानें स्वतःवर करून पाहिला होता. महात्मा गांधींनीं दक्षिण आफ्रिकेंतील टॉल्स्टॉय फार्मवर १९१२ सालीं दूध सोडलें. गाईम्हशींकडून दूध काढून घेण्यासाठीं गवळी ज्या क्रूर रीति योजीत त्यांची माहिती वाचल्यावर त्यांचें मन विटलें होतें. पुढें १९१८ सालच्या मोठ्या दुखण्यानंतर त्यांना शेळीचें दूध घ्यावें लागलें, आणि आपलें व्रत शब्दांत राहिलें पण अर्थानें मोडलें याची खंत त्यांनीं आत्मचरित्रांत स्वतःच नमूद केली आहे. या हकीकतीवरून दोन गोष्टी शिकावयाच्या. एक, दुधाविषयींची नैतिक शंका ही परकी नव्हे. दुसरी, पूर्ण माहितीवांचून केलेला प्रयोग शरीरास जड जाऊं शकतो. त्या माहितीचा विचार पुढें येईल.

२. गोठ्याचा हिशेब

प्रथम व्यवहाराकडे पाहूं. दिवसास सरासरी दहा लिटर दूध देणारी संकरित गाय घ्या. ती वर्षांतून सुमारें ३०० दिवस दुधावर असते असें धरूं. शरीरपोषणासाठीं दीड किलो व दर अडीच लिटर दुधामागें एक किलो, हा खुराकाचा सर्वमान्य ठोकताळा आहे. त्याप्रमाणें दुभत्या काळांत दिवसास साडेपांच किलो, आणि भाकड काळांत दीड किलो खुराक लागतो. वर्षाचा खुराक सुमारें १७५० किलो झाला. याशिवाय दिवसास पंचवीस किलो हिरवा चारा धरल्यास वर्षास नऊ टन, आणि पांच किलो कडबा धरल्यास वर्षास पावणेदोन टनांहून अधिक वाळली वैरण लागते.

आतां प्रथिनांचा, म्हणजे शरीर बांधणाऱ्या नत्रयुक्त द्रव्यांचा, ताळेबंद मांडूं. चांगल्या खुराकांत शेंकडा अठरा प्रथिनें असतात. तेव्हां नुसत्या खुराकांतूनच गाईच्या पोटांत ३१५ किलो प्रथिनें जातात. चाऱ्यांतील प्रथिनें वेगळींच. तिचें वर्षाचें दूध ३००० लिटर, व त्यांतील प्रथिनें फार तर १०० किलो. म्हणजे खुराकाचीं तीन मापें घातलीं तेव्हां दुधाचें एक माप हातीं आलें. उरलेलें कोठें गेलें? त्यांतून जनावराचें शरीर चाललें, गर्भ वाढला, आणि राहिलेलें शेणमुतांतून बाहेर पडलें. हा गाईचा दोष नव्हे. कोणताही सजीव प्राणी असाच चालतो. परंतु तिच्यामार्फत अन्न मिळविणारानें ही तूट ओळखली पाहिजे.

यावर जाणता शेतकरी म्हणेल कीं, सरकीची पेंड, तुरीची चुणी व गव्हाचा कोंडा हीं कांहीं मनुष्याचें अन्न नव्हेत, आणि कडबा तर नव्हेच नव्हे. हा आक्षेप खरा आहे. जेथें जनावर बांधावरच्या गवतावर, कडब्यावर व चुणीकोंड्यावर जगतें, तेथें तें मनुष्याच्या तोंडचा घांस काढीत नाहीं. परंतु हल्लींच्या पिशवींतील खुराकांत मक्याचा भरडा व सोयाबीनची पेंड यांचा वांटा मोठा असतो, आणि हे दोन्ही जिन्नस मनुष्यास थेट खातां येण्यासारखे आहेत. शिवाय त्यांसाठीं लागलेली जमीन आपल्या डोळ्यांपुढें नसते. गोठ्यामागच्या दहा गुंठे गजराज गवताकडे बोट दाखवून 'एवढ्यावर माझी गाय जगते' असें आपण म्हणतों, पण पिशवींतला मका व सोयाबीन दुसऱ्या जिल्ह्यांतील कोणाच्या तरी शिवारांत पिकलेला असतो. ती जमीनही त्या गाईच्याच खात्यावर मांडली पाहिजे.

रोकडीच्या हिशेबांत प्रत्येकानें आपल्या गांवचे भाव घालावे. एवढें मात्र सर्वांस ठाऊक आहे कीं खुराकाचा भाव एकदां चढला म्हणजे सहसा उतरत नाहीं, दुधाचा भाव मात्र उतरतो. २०२४ सालीं गाईच्या दुधाचा भाव इतका खालीं आला कीं राज्य शासनास लिटरमागें पांच रुपयांचें अनुदान जाहीर करावें लागलें. घरच्या माणसांची पहांटेची व सायंकाळची मजुरी वहींत धरली, तर पुष्कळ गोठ्यांचा हिशेब तोट्यांतच निघेल.

३. पाणी

पाण्याविषयीं एक चुकीची समजूत प्रथम दूर केली पाहिजे. जगाच्या सरासरीनें एक किलो दुधास सुमारें १०२० लिटर, व एक किलो कडधान्यास सुमारें ४०५५ लिटर पाणी लागतें. हे आंकडे पाहून दूधच स्वस्त असें कोणी म्हणेल. परंतु दुधांत बहुतेक भाग पाणीच आहे, आणि डाळींत पांचवा हिस्सा प्रथिनें आहेत. म्हणून वजनाची तुलना सोडून प्रथिनांची तुलना करावी. एक ग्रॅम प्रथिनास कडधान्यांत १९ लिटर, अंड्यांत २९ लिटर, दुधांत ३१ लिटर, कोंबडीच्या मांसांत ३४ लिटर व गोमांसांत ११२ लिटर पाणी खर्चीं पडतें.

त्यांतही पाण्यापाण्यांत भेद आहे. कोरडवाहू तूर मृगाच्या पावसावर उगवते व जमिनींतील ओलीवर पोसते. हरभरा रब्बीच्या ओलीवर येतो, व मिळालें तर एकदोन पाणी घेतो. उलट लसूणघास व गजराज गवत यांना ऐन वैशाखांतही विहिरीचें पाणी द्यावें लागतें. २०१६ सालच्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. २०१३ व २०१९ सालीं बीड, सोलापूर व अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) या जिल्ह्यांत शेतकरी आपलीं गुरें घेऊन चारा-छावण्यांत महिने काढीत होते. ज्या प्रदेशावर वारंवार अशी पाळी येते, तेथें दुभत्या जनावरांची संख्या बारमाही हिरव्या चाऱ्याच्या भरंवशावर वाढवीत नेणें शहाणपणाचें आहे काय, हें ज्याचें त्यानें आपल्या विहिरीच्या तळाकडे पाहून ठरवावें.

४. जमीन आणि हवा

जगाच्या शेतीची मोजदाद करणारा एक मोठा अभ्यास २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत ११९ देशांतील सुमारें ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली होती. त्याचा निष्कर्ष असा कीं, जगांतील शेतजमीन व कुरणें मिळून शेंकडा ८३ जमीन जनावरांपासूनच्या अन्नासाठीं गुंतली आहे, पण त्या अन्नांतून मनुष्यास शेंकडा १८ उष्णता-मूल्य व शेंकडा ३७ प्रथिनें मिळतात. सर्वांनीं शुद्ध वनस्पत्याहार स्वीकारल्यास अन्नासाठीं लागणारी जमीन शेंकडा ७६ नें कमी होईल. हे आंकडे साऱ्या जगाचे आहेत, आणि त्यांत परदेशांतील विस्तीर्ण कुरणें धरलेलीं आहेत. ते आपल्या तालुक्यास जसेच्या तसे लागू करूं नयेत. परंतु दिशा तीच आहे.

हवेविषयीं म्हणाल तर, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटांत चारा आंबतांना मिथेन वायु उत्पन्न होतो व तो ढेंकरांवाटे बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापानें तो कर्बवायूपेक्षां सुमारें २७ पट अधिक उष्णता धरून ठेवतो. आपल्या देशाच्या २०१६ सालच्या शासकीय मोजणींत शेतीच्या खात्यावरील वायूंपैकीं निम्म्याहून अधिक वांटा या एकाच कारणाचा होता. यांत समाधानाची गोष्ट एवढीच कीं मिथेन हवेंत सुमारें बारा वर्षेंच टिकतो. म्हणजे जनावरांची पैदास आज कमी झाली तर तिचें फळ आपल्याच हयातींत दिसेल. अवकाळी पाऊस व लांबलेला उन्हाळा यांनीं ज्याचें पीक जातें, त्या शेतकऱ्याइतका या गोष्टींत दुसऱ्या कोणाचा संबंध आहे?

५. सोयाबीनचा धडा

विदर्भ व मराठवाडा यांतील वाचकांस हा धडा जवळचा वाटेल. वर्ध्यास मगनवाडींत १९३५ सालीं गांधीजींनीं सोयाबीनचे प्रयोग करविले. गरिबाच्या ताटांत स्वस्त व पौष्टिक अन्न पडावें हा त्यांचा हेतु होता. आज महाराष्ट्र हा सोयाबीन पिकविणाऱ्या देशांतील अग्रगण्य प्रांतांपैकीं एक आहे. परंतु तें गरिबाच्या ताटांत गेलें नाहीं. घाण्यांत शंभर किलो सोयाबीनचें सुमारें अठरा किलो तेल निघतें, आणि शेंकडा पंचेचाळिसांहून अधिक प्रथिनें असलेली पेंड कोंबड्यांच्या व जनावरांच्या खुराकांत जाते. खुराकांतील प्रथिनांचा फार तर तिसरा हिस्सा मांसरूपानें मनुष्यास मिळतो.

यांत पिकविणाराचें नुकसान कसें होतें तें पाहा. २०२१ सालच्या पावसाळ्यांत सोयाबीनचा भाव क्विंटलास दहा हजारांच्या घरांत गेला. कोंबडीपालनाच्या धंद्यानें पेंड परवडत नाहीं अशी ओरड केली, आणि ऑगस्टांत बारा लाख टन परदेशी पेंड आणण्यास परवानगी मिळाली. नवा माल बाजारांत येईपर्यंत भाव जवळजवळ निम्म्यावर आला. त्यास दुसरींही कारणें होतीं, पण हें एक होतेंच. पुढें २०२४ सालीं हमीभाव ४८९२ रुपये असतां पुष्कळ बाजारांत माल त्याच्या बराच खालीं विकला गेला. ज्या पिकाचें गिऱ्हाईक मनुष्य नसून दुसरा धंदा आहे, त्या पिकाचा भाव त्या धंद्याच्या सोयीनें ठरतो. तेंच धान्य पीठ, दूध किंवा वडी यांच्या रूपानें माणसाच्या घरीं जाऊं लागलें तर शेतकऱ्यास दुसरें गिऱ्हाईक मिळेल.

६. नीतीचा प्रश्न

आतां जो भाग बोलतांना संकोच वाटतो त्याकडे वळूं. गाय किंवा म्हैस व्याल्यावांचून दूध देत नाहीं, आणि व्यालेल्यांपैकीं निम्मीं वासरें नर असतात. पूर्वीं गोऱ्हा म्हणजे उद्यांचा बैल होता, म्हणून त्यास आईचें दूध मिळे, घरांत मान मिळे आणि पोळ्यास पुरणपोळी मिळे. आज नांगरट ट्रॅक्टरनें होते. २०१९ सालच्या पशुगणनेंत आदल्या गणनेच्या मानानें देशांतील गाई शेंकडा १८ नें वाढल्या, आणि नर गोवंश शेंकडा ३० नें घटला. तोट्यांतला धंदा टिकविण्यासाठीं कोणाचें दूध तुटलें तें या दोन आंकड्यांतून वाचतां येतें. त्याच गणनेंत देशांत सुमारें पन्नास लाख मोकाट गुरें मोजलीं गेलीं.

आपल्या राज्यांत गाईच्या कत्तलीस १९७६ च्या कायद्यानें व बैलांच्या कत्तलीस २०१५ पासून बंदी आहे. म्हणून भाकड गाय व गोऱ्हे यांचा भार शेतकऱ्यावर, रस्त्यावर किंवा गोशाळेवर पडतो. म्हशीला तें संरक्षण नाहीं. आपला देश म्हशीच्या मांसाची निर्यात करणाऱ्या मोठ्या देशांत मोडतो, आणि त्या मांसाचा मोठा पुरवठा दुधाच्या धंद्यांतूनच होतो. रेडकूं मेल्यावर त्याच्या कातड्यांत गवत भरून तें म्हशीपुढें ठेवणें, हा प्रकार ज्यानें पाहिला नाहीं असा दुग्धव्यवसायी विरळा. अंड्यांचेंही तसेंच आहे. अंड्यांच्या जातींतील नर पिल्लें अंडीं देत नाहींत व मांसासही परवडत नाहींत, म्हणून तीं जन्मल्या दिवशींच मारलीं जातात. सारांश, आम्ही मांस खात नाहीं एवढ्यानें आमचे हात कोरे राहत नाहींत.

शेतकरी निर्दय आहे असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या माणसानें रात्रभर अडलेल्या गाईजवळ बसून काढली आहे त्याला दया शिकविण्याचा अधिकार शहरांतल्या दूध पिणाराला नाहीं. परंतु धंद्याची घडीच अशी झाली आहे कीं दयाळू मनुष्यालाही निर्दय व्हावें लागतें. ती घडी बदलावी कीं नाहीं, एवढाच प्रश्न आहे.

७. आक्षेपांचा विचार

शरीरास बळ कसें मिळेल? शंभर ग्रॅम डाळींत सुमारें २२ ग्रॅम, शेंगदाण्यांत २४ ग्रॅमच्या आसपास व सोयाबीनमध्यें ३६ ग्रॅमहून अधिक प्रथिनें असतात. शंभर ग्रॅम गाईच्या दुधांत तीं तीन ग्रॅमहून थोडींच अधिक असतात. डाळींत जें द्रव्य कमी पडतें तें ज्वारी-बाजरींत असतें, आणि भाकरींत कमी पडतें तें डाळींत असतें. म्हणून वरण-भाकरी किंवा उसळ-भाकरी ही जोडी पूर्ण अन्नाचें काम करते. चुन्याचा अंश शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम, तर तितक्याच दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम असतो. मात्र दुधांतील चुना शरीरांत अधिक सहज मुरतो, म्हणून नाचणी, पालेभाज्या व तीळ हीं आहारांत नियमानें असावीं. जवस व कारळ्यांची चटणी आपल्याकडे आहेच.

एका गोष्टींत मात्र फसूं नये. बी-१२ हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून मिळत नाहीं. तें जंतूंपासून तयार होतें व स्वस्त गोळीच्या रूपानें मिळतें. दूध पूर्ण सोडणारानें ती गोळी घेतलीच पाहिजे. तिच्यावांचून रक्त व मज्जातंतु बिघडतात. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुलें यांच्या बाबतींत डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून कोणताही बदल करूं नये.

शेणखत कोठून येईल? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. परंतु जनावर नत्र निर्माण करीत नाहीं. चाऱ्यांतून आलेलें नत्र तें परत देतें. हवेंतून नत्र ओढून जमिनींत आणण्याचें काम कडधान्याच्या मुळांवरील गांठी करितात. ताग किंवा धैंचा फुलोऱ्यावर येतांच गाडला तर एकरीं पंचवीस ते तीस किलो नत्र मिळतें. बांधावर गिरिपुष्प लावल्यास त्याचा पालाही दरवर्षीं खतास होतो. धसकटें व पालापाचोळा न जाळतां कुजविला म्हणजे सेंद्रिय अंश टिकतो. यास शेणापेक्षां अधिक काळजी लागते हें आम्ही कबूल करितों.

रोकड कोठून येईल? दर दहा दिवसांनीं हातीं येणारें दुधाचें बिल हें कोरडवाहू कुटुंबाचा आधार आहे. किराणा, शाळेची फी व औषध त्यावरच चालतें. तुरीचे पैसे वर्षांतून एकदांच येतात. या आक्षेपास आमच्यापाशीं पुरें उत्तर नाहीं, आणि तें आहे असें भासविणें अप्रामाणिकपणाचें होईल. भूमिहीन बाईची एक शेळी किंवा धनगराचा कळप यांना हा लेख लागू करूं नये. ज्याच्यापाशीं जमीन आहे, विहीर आहे व निवड करण्याची ऐपत आहे, त्यानें प्रथम विचार करावा.

८. काय करतां येईल?

आज कोणीही गोठा मोकळा करूं नये. असलेलें जनावर बाजारांत नेऊन सोडणें हा नीतीचा मार्ग नव्हे. पुढील गोष्टी मात्र या हंगामापासून करतां येतील.

एक, गोठ्याची स्वतंत्र वही ठेवावी. खुराक, चारा, पाणी, औषध व घरची मजुरी रोज लिहावी, आणि वर्षअखेर निव्वळ किती उरलें तें पाहावें.

दोन, भाकड झालेल्या जनावराच्या जागीं नवें विकत घेण्यापूर्वीं ती वही वाचावी. जुनें जनावर शेवटपर्यंत सांभाळावें व पैदास कमी करावी.

तीन, घासाच्या क्षेत्रांतील निम्म्या भागांत एक वर्ष हरभरा, मूग किंवा भुईमूग घेऊन दोहोंची तुलना करावी.

चार, घरच्या ताटांत आठवड्यांतून दोन दिवस दुधाविना स्वयंपाक करावा. दहा किलो गव्हांत एक किलो सोयाबीन मिसळून दळावें. सोयाबीन आधीं चांगलें भाजून किंवा उकडून घ्यावें, कारण कच्च्या सोयाबीनमधील एक द्रव्य प्रथिनांच्या पचनास अडथळा करितें व तें उष्णतेनेंच नाश पावतें.

पांच, डाळमिल व सोयाबीनचें पीठ हीं कामें एकट्याची नव्हत. दूध गोळा करण्यासाठीं आपण गांवोगांव संस्था काढल्या. तीच शिस्त कडधान्यास लावली, तर वर्षाकांठीं एकदां येणारे पैसे महिन्याच्या महिन्यास येण्याची वाट कदाचित् याच मार्गानें निघेल.

आपला देश १९९८ पासून दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला आहे, आणि २०२३-२४ सालीं तें २३ कोटी ९० लाख टनांवर गेलें. त्याच देशास डाळ मात्र परदेशांतून आणावी लागते. या दोन गोष्टी शेजारीं मांडून पाहाव्या, आणि आपल्या बांधावर उभें राहून, आपल्या विहिरीचा व आपल्या गोठ्याचा विचार करून, प्रत्येकानें आपला निर्णय स्वतः करावा. निर्णय कोणताही होवो, तो संवयीनें न होतां हिशेबानें व विवेकानें व्हावा, एवढीच आमची विनंति आहे.